महागड्या बॉलशिवाय गोल्फ : बडोद्याच्या खेळाडूंसाठी स्वस्त बॉल निवडण्याची पद्धत

नव्याने गोल्फ शिकणारा माणूस दुकानात जातो आणि टूरवरच्या (व्यावसायिक स्पर्धांतल्या) खेळाडूंच्या हातात टीव्हीवर पाहिलेला बॉलच मागतो. पहिल्याच महिन्यात त्यातले निम्मे झाडीत जातात. मग जवळ उरलेले, कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने) शोधून दिलेले, कुणीतरी भेट दिलेले असे पाच-सहा वेगवेगळ्या जातींचे बॉल पिशवीत जमतात आणि एका राउंडमध्ये (कोर्सच्या एका फेरीत) ते सगळे आलटून पालटून खेळले जातात. खेळाचं खरं नुकसान इथे होतं. बॉल स्वस्त असण्याने फारसं बिघडत नाही. दर होलला वेगळा बॉल घेतला, तर मात्र हाताला कशाचीच सवय लागत नाही.

म्हणून या लेखातला सल्ला एकच आहे. खिशाला परवडेल असं एक मॉडेल नीट तपासून निवडा आणि किमान एक पूर्ण मोसम तेच खेळा. ते कसं निवडायचं, हे पुढे क्रमाने सांगतो.

बडोद्यात हा खेळ राजवाड्याच्या आवारात वाढला. लक्ष्मीविलासच्या परिसरातला कोर्स 1930 च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतला आणि 1990 च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी त्याचं नूतनीकरण करून तो लोकांसाठी खुला केला. पाहुण्यांच्या खेळात बॉलच्या किमतीचा प्रश्न नव्हता. आज पगारातून किंवा दुकानाच्या गल्ल्यातून खर्च काढून खेळणाऱ्यांना तो आहे, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

पहिली पायरी : हरवलेल्या बॉलचा हिशेब

पुढच्या काही राउंडमध्ये स्कोरकार्डाच्या कोपऱ्यात प्रत्येक हरवलेल्या बॉलसाठी एक रेघ मारा. फाटलेला, कार्टपाथवर आपटून खरवडलेला बॉलही त्यात धरा. सरासरी काढली की निम्मा निर्णय तिथेच होतो.

समजा, प्रीमियम बॉल एका नगाला 400 रुपयांना पडतो आणि साधा 120 ला. तुम्ही महिन्यातून चार राउंड खेळता आणि दर वेळी चार बॉल घालवता. म्हणजे महिन्याला 16 बॉल. प्रीमियम असतील तर 6,400 रुपये, साधे असतील तर 1,920. फरक 4,480 रुपयांचा. एवढ्या रकमेत प्रशिक्षकाचे धडे घेता येतात किंवा ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) बादल्या भरभरून बॉल मारता येतात, आणि स्कोर त्यानेच उतरतो, म्हणजे सुधारतो. दुसऱ्या बाजूला, जो राउंडला एखादाच बॉल घालवतो त्याचा फरक 1,120 रुपये. त्याने चांगल्या कव्हरच्या बॉलवर थोडे जास्त खर्च केले तर ते वाया जात नाहीत. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या दुकानातला भाव घालून हाच हिशेब कागदावर मांडा.

माझा ढोबळ ठोकताळा असा : राउंडला तीन किंवा जास्त बॉल जात असतील तर दोन थरांचा साधा बॉल. एक-दोन जात असतील तर मधल्या किमतीचा, युरेथेन या मऊ मालाच्या कव्हरचा किंवा चांगल्या प्रतीचा वापरलेला. त्याहून कमी जात असतील तर जे हवं ते घ्या, तुम्हाला या लेखाची फार गरज नाही.

दुसरी पायरी : जास्तीचे पैसे कशाचे, हे समजून घ्या

गोल्फ बॉलच्या आत पॉलिब्युटाडीन नावाच्या कृत्रिम रबराचा गाभा असतो आणि बाहेर कव्हर. स्वस्त बॉलमध्ये सहसा एवढे दोनच थर असतात. महागड्यात गाभा आणि कव्हर यांच्यामध्ये आणखी एक-दोन थर घालतात. पण किमतीतला मोठा फरक थरांच्या संख्येपेक्षा कव्हरच्या मालामुळे पडतो. स्वस्त बॉलचं कव्हर आयोनोमरचं असतं. सर्लिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते त्यातलंच. हा माल कडक आणि चिवट असतो, सहज खरवडत नाही. प्रीमियम बॉलचं कव्हर युरेथेनचं असतं. ते पातळ आणि मऊ असतं आणि बनवायला खर्चिक.

ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा) फटका बसतो तेव्हा बॉल गाभ्यापर्यंत दबतो. तिथे कव्हरचं काम कमी, गाभ्याचं जास्त. म्हणूनच टी-वरून (होल जिथून सुरू होतो तिथून) साधा बॉल आणि भारी बॉल यांत सर्वसाधारण खेळाडूला मोठं अंतर दिसत नाही. उलट साधा बॉल कमी फिरकी घेतो, त्यामुळे ज्याचा स्लाइस होतो (फटका बाजूला वळत जातो) त्याचा बॉल थोडा कमी वळतो. नवख्यासाठी ही सोयच आहे.

वेजने (जवळून बॉल उंच उडवायच्या क्लबने) तीस-चाळीस यार्डांवरून अलगद मारलेल्या फटक्यात मात्र गाभा दबतच नाही. तिथे सगळा खेळ कव्हरवर चालतो. वेजच्या खाचा आणि आतला कडक थर यांच्यात मऊ युरेथेन चेपलं जातं, खाचांना ते पकड देतं आणि बॉल जोरात मागे फिरत निघतो. ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) पडला की एक-दोन टप्पे घेऊन थांबतो. आयोनोमरचा बॉल खाचांवरून थोडा घसरतो, जरा उंच आणि कमी फिरकीने उडतो आणि पडल्यावर पुढे धावतो. नव्या धारदार वेजने पूर्ण फटका मारल्यावर बॉल हातात घेऊन पाहा. युरेथेनवर बारीक केसासारखे तुकडे उठलेले दिसतील, आयोनोमरवर फार तर एखादी पुसट रेघ. जास्तीचे पैसे तुम्ही मोजता ते या पकडीचे.

आता स्वतःला विचारा : ग्रीनवर बॉल थांबवण्यासाठी तुम्ही फिरकीवर अवलंबून आहात का? की सात नंबरच्या आयर्नने बॉल ग्रीनच्या काठावर टाकून घरंगळत पिनकडे (होलमधल्या झेंड्याकडे) नेता? दुसरा मार्ग खेळणाऱ्याला युरेथेनचे पैसे मोजायचं कारण नाही.

दुकानात हमखास होणारी एक फसगत इथेच सांगतो. डब्यावर ‘थ्री पीस’ लिहिलेलं दिसलं की लोक तो भारी बॉल समजतात. तीन थर असूनही कव्हर आयोनोमरचं असू शकतं. ब्रिजस्टोनचा ई12 हे त्याचं उदाहरण. तेव्हा थर मोजत बसू नका, डब्याच्या बाजूला ‘युरेथेन’ हा शब्द आहे का ते शोधा.

कॉम्प्रेशनबद्दलही, म्हणजे बॉल किती दबतो याबद्दलही, थोडं. ‘तुमचा स्विंग हळू आहे, मऊ बॉल घ्या, लांब जाईल’ असं विक्रेते सांगतात. मऊ बॉल हाताला सुखद लागतो हे खरं आहे, पण तो त्यामुळे लांब जातो असं नाही. जरा कडक बॉल सगळ्याच स्विंगला थोडा जास्त वेग देतो, हळू स्विंगवाल्याला हा फरक फार जाणवत नाही इतकंच. मऊपणा आवडीने निवडा, अंतराच्या आशेने नको.

तिसरी पायरी : बाजारात काय आहे ते पाहा

साध्या, दोन थरांच्या बॉलमध्ये स्रिक्सनचे एडी333 आणि सॉफ्ट फील, कॅलवेचा सुपरसॉफ्ट, टायटलिस्टचा ट्रूफील, विल्सनचा ड्युओ सॉफ्ट ही नावं भरवशाची आहेत. यातला कुठलाही बॉल राउंडला शंभराच्या आसपास फटके घेणाऱ्याला मागे खेचणार नाही.

युरेथेन कव्हर हवं पण प्रीमियमची किंमत नको, अशांसाठी मधली एक फळी आहे : स्रिक्सनचा क्यू-स्टार टूर, टेलरमेडचा टूर रिस्पॉन्स, आणि डिकॅथलॉनच्या इनेसिस ब्रँडचा टूर 900. मला ही फळी सर्वांत किफायतशीर वाटते. वेजवरची पकड जवळजवळ पूर्ण मिळते आणि किंमत बऱ्यापैकी खाली राहते.

बडोद्यात निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी अमेरिकेत असतं, त्यामुळे कर्कलंडची गोष्टही सांगायला हवी. कॉस्टको या अमेरिकी दुकानसाखळीने 2016 मध्ये कर्कलंड सिग्नेचर नावाने चार थरांचा, युरेथेन कव्हरचा बॉल आणला आणि दोन डझन साधारण 30 डॉलरला विकले. माल झपाट्याने संपला. टायटलिस्ट बनवणाऱ्या अॅकुश्नेट कंपनीने पेटंटचा मुद्दा काढला, 2017 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि 2018 मध्ये तडजोड झाली. युरेथेन बॉल कमी किमतीत विकता येतो, हे त्या एका बॉलने सगळ्या बाजाराला दाखवून दिलं. पुढे कर्कलंड तीन थरांचा झाला, वेजवर तो चांगला फिरतो. कॉस्टकोची दुकानं भारतात नाहीत. पण दिवाळीला येणारा भाचा किंवा पुतणी दोन डझन सहज आणू शकते. बदाम-पिस्त्यांच्या यादीत एक ओळ वाढवा.

आणखी एक वाट : जुनं मॉडेल. टायटलिस्टचा प्रो व्ही1 2000 साली आला आणि अलीकडे दर विषम वर्षी, 2021, 2023, 2025 अशा क्रमाने त्याची नवी आवृत्ती येते. नवी आली की जुन्या साठ्याचा भाव उतरतो. दोन सलग आवृत्त्यांमधला फरक आपल्यासारख्यांना ओळखूही येणार नाही, तेव्हा उतरलेल्या भावात जुनी घ्यावी. मात्र नवाकोरा प्रीमियम डझन कुणी ऑनलाइन अर्ध्या भावात देत असेल तर हात आखडा. नकली माल फिरतो.

चौथी पायरी : नियमांत बसतो का, एवढं बघा

गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमांप्रमाणे बॉलचं वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको. मान्यताप्राप्त बॉलची यादी या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येते. स्पर्धेत खेळायचं असेल तर नाव तिथे एकदा पडताळून घ्या. स्वस्त बॉल म्हणजे नियमाबाहेरचा, हा गैरसमज आहे. वर दिलेल्या नावाजलेल्या कंपन्यांचे साधे बॉलही याच कसोट्यांतून जातात.

पाचवी पायरी : ग्रीनपासून मागे मागे तपासा

बहुतेक लोक नवा बॉल टी-वर ठेवून ड्रायव्हरने तपासतात. तिथे फरक सर्वांत कमी असतो आणि आपल्या स्विंगमधली चूक सर्वांत मोठी, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. सुरुवात पटिंग ग्रीनवरून करा.

दोन किंवा तीन मॉडेलची प्रत्येकी एक स्लीव्ह घ्या, म्हणजे तीन-तीन बॉल. अख्खा डझन लगेच घेऊ नका. सकाळी लवकर, गर्दी नसताना सरावाच्या ग्रीनवर जा. आधी तीस फुटांचे पट (बॉल ग्रीनवरून होलकडे घरंगळत नेणारे फटके), बॉल आलटून पालटून. एका मॉडेलचे तिन्ही सलग मारले की हात त्याला जुळवून घेतो आणि तुलना बिघडते. पटरवरचा आवाज ऐका. कडक कव्हरचा टक्क असा वाजतो, मऊ कव्हरचा दबका. आवाजावरून आपण नकळत जोर ठरवतो. टक्क वाजणारा बॉल जोरात गेल्यासारखा वाटून पुढचा पट आखूड पडतो. कुठला आवाज तुमच्या हाताला पटतो, याचं उत्तर दुसरं कुणी देऊ शकत नाही.

मग ग्रीनच्या काठापासून वीस पावलं मागे या. काठाच्या आत दोन पावलांवर एक हातरुमाल अंथरा आणि वेजने बॉल त्या रुमालावर उतरवायचा प्रयत्न करा. जे बॉल रुमालाच्या जवळपास पडले तेवढेच मोजा, बाकीचे सोडून द्या. पडल्यावर कोण किती पावलं धावला, हे सोबत्याला लिहून ठेवायला सांगा. दोन मॉडेलमध्ये दोन-तीन पावलांचा फरक सातत्याने दिसला तर तो खरा. फरक दिसलाच नाही, तर तुमच्या फटक्याला आज तरी युरेथेनची गरज नाही, स्वस्तातला निर्धास्त घ्या.

त्यानंतर पन्नास-साठ यार्ड, मग आयर्न, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. तिथे फक्त बॉल किती उंच जातो आणि किती वळतो एवढं पाहा.

सहावी पायरी : मिठाच्या पाण्यात तोल पाहा

स्वस्त बॉलबद्दलची रास्त शंका म्हणजे त्याचा तोल. गाभा नेमका मध्यभागी बसला नसेल तर एक बाजू जड होते आणि हळू पट शेवटच्या दोन फुटांत बाजूला ओढला जातो. ही शंका घरच्या घरी मिटते.

गोल्फ बॉलची घनता पाण्यापेक्षा जास्त, साधारण 1.13 असते, म्हणून तो साध्या पाण्यात बुडतो. लिटरभर कोमट पाण्याला 250 ग्रॅम या हिशेबाने साधं मीठ विरघळवा. बॉल तरंगेपर्यंत चमचा-चमचा वाढवत जा. तीन लिटरचं पातेलं पुरतं आणि मिठाचा पुडा आपल्या गुजरातेत काही महाग नाही. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण बॉलला धरून ठेवत नाही. बॉल सोडा. वर आलेल्या टोकावर, थोडं पुसून, परमनंट मार्करने ठिपका द्या. आता बोटाने बॉल गरकन फिरवा आणि थांबू द्या. असं सात-आठ वेळा करा.

ठिपका दर वेळी झटकन वरच येत असेल तर खालची बाजू जड आहे. कधी इथे, कधी तिथे थांबत असेल तर तोल उत्तम. रेंगाळत, सावकाश वर येत असेल तर दोष नगण्य आहे, खुशाल खेळा. स्लीव्हमधले तिन्ही बॉल झटकन एकाच बाजूला वळत असतील तर ते मॉडेल सोडा. एखादाच तसा निघाला तर तो सरावाला ठेवा, किंवा ठिपक्यातून जाणारी पूर्ण गोल रेघ बॉलभोवती काढा आणि पट करताना ती रेघ होलच्या दिशेला उभी लावा. जड बाजू मग सरळ रेषेतच वर-खाली फिरते, बाजूला ओढत नाही. अशी रेघ काढायला नियमांत मुभा आहे. शेवटी बॉल साध्या पाण्याने धुऊन पुसा.

स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर वजनही करून पाहा. एकाच डब्यातल्या बॉलच्या वजनात अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक दिसला तर मला तो डबा नको वाटतो.

वापरलेले बॉल घ्यावेत का?

घ्यावेत, पण डोळे उघडे ठेवून. कॅडी किंवा माळी झाडीतून शोधून विकतात ते बॉल अनेकदा एका-दोन फटक्यांचेच असतात आणि त्यांच्याकडून घेण्यात दोघांचाही फायदा आहे. बोटाने कव्हर चाचपा. कापलेलं, खरवडलेलं नको. पेनाची खूण, कंपनीचा छापलेला लोगो चालेल. रंग पिवळट किंवा करडा पडला असेल तर तो बॉल बराच काळ पाण्यात किंवा चिखलात होता असं समजा. फार दिवस पाण्यात राहिलेला बॉल अंतर गमावतो आणि किती गमावतो ते बाहेरून कळत नाही, त्यामुळे शंका आली की बाजूला ठेवावा.

‘रिफिनिश्ड’ किंवा ‘रिफर्बिश्ड’ लिहिलेले बॉल मी घेत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. जुन्या बॉलला नवा रंग देऊन वर पुन्हा छाप मारलेला असतो. रंगाचा थर डिंपलमध्ये साचला की बॉलची उडण्याची रीत बदलते, कारण हवेतली सगळी करामत त्या तीन-चारशे खळग्यांची असते. चकचकीत पण खळगे उथळ दिसत असतील, छापाच्या कडा पसरलेल्या असतील, तर ओळखावं. ‘एक्स-आउट’ छापाचे बॉल वेगळे. त्यांत बहुधा रंगाचा किंवा छपाईचा दोष असतो, रोजच्या खेळाला ते ठीक आहेत. स्पर्धेआधी मात्र कमिटीला विचारा.

ऊन, पाऊस आणि पानगळ

बडोद्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॉल ठेवू नका. बंद डिकीतली उष्णता रबराच्या गाभ्याला आणि कव्हरला सोसत नाही. किट घरात घ्या, साध्या खोलीच्या तापमानात बॉल कित्येक वर्षं नीट राहतात. उन्हाळ्यात जमीन टणक असते, बॉल पडल्यावर लांब पळतो, म्हणून साध्या बॉलवाल्याने ग्रीनच्या आधीच टप्पा द्यावा. पावसाळ्यात हिशेब उलटतो. ग्रीन मऊ पडतात, कुठलाही बॉल पडला की बसतो आणि रफ, म्हणजे बाजूचं वाढलेलं गवत, गुडघ्याला लागतं. जुलै ते सप्टेंबर महागडा बॉल काढण्याचं कारणच उरत नाही.

रंगाकडेही लक्ष द्या. पावसाळ्यातल्या गर्द हिरव्यात पिवळा बॉल लांबूनही उठून दिसतो. फाल्गुनात कडुनिंब आणि इतर झाडांची पिवळी पानं खाली पडलेली असतात, तेव्हा तोच पिवळा हरवतो. त्या दिवसांत भडक केशरी किंवा पांढरा बरा. बॉल सापडणं हीदेखील बचतच आहे.

किती घ्यायचे आणि कधी बदलायचे

मॉडेल ठरलं की दोन-तीन डझन एकदम घ्या. मध्येच दुकानात साठा संपला की माणूस पुन्हा मिळेल त्या बॉलवर येतो. प्रत्येक बॉलवर स्वतःची खूण करा. एकाच मॉडेलचे दोघांचे बॉल रफमध्ये सापडले तर आपला कोणता हे ठरवता यायला हवं, नाहीतर नियमाप्रमाणे तो हरवलेलाच धरतात. नियम 6.3 नुसार नवा होल सुरू करताना दुसरा बॉल घेता येतो, म्हणून घासलेला बॉल खेळत राहू नका. नखाला कव्हरवर खरखर लागली, की तो सरावाच्या पिशवीत टाका आणि पुढच्या टी-वर त्याच मॉडेलचा नवा घ्या.